तीन याद्या आणि एक घासलेली तबकडी

१९७३ सालचं सगळ्यात लोकप्रिय हिंदी गाणं कोणतं?

हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला की तीन उत्तरं यायची. अब्बा म्हणायचे, 'जंजीर'मधलं मन्ना डे यांचं दोस्तीचं गाणं, पठाणी वेशातल्या प्राणनं पडद्यावर गायलेलं. त्या वर्षी बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत तेच पहिलं होतं. फुफी उर्दू शाळेत शिकवायच्या आणि फिल्मी मासिकं वाचायच्या. त्या म्हणायच्या, फिल्मफेअरनं संगीताचा पुरस्कार सचिनदेव बर्मन यांना 'अभिमान'साठी दिला आणि गायकाचा नरेंद्र चंचल यांना 'बॉबी'साठी. गीतकाराचा तेवढा 'जंजीर'च्या त्याच गाण्यासाठी गुलशन बावरांना मिळाला. म्हणजे एकाच वर्षी तीन वेगळे सिनेमे. तिसरं उत्तर साताऱ्याच्या मामूंचं. ते सगळ्यात शेवटी सांगते, कारण ते ना रेडिओवर होतं, ना मासिकात.

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. '१९६९नंतर मोहम्मद रफींना मुसलमान म्हणून बाजूला सारलं, पुरस्कारांची यादी बघा.' त्याला दुसऱ्या बाजूनं उत्तर आलं, 'बाजूला कुणी सारलं नाही, लोकांनाच किशोर हवा होता, बिनाकाची यादी बघा.' तासाभरात चाळीस वर्षांची मैत्री असलेली माणसं एकमेकांना 'तुम्ही लोक' म्हणायला लागली. गंमत अशी की दोघांच्या हातात यादीच होती आणि यादी खोटी कुणाचीच नव्हती. मला वाटलं, या याद्या आपण घरात ऐकत, लिहीत मोठे झालो. त्या कशा तयार होत होत्या ते एकदा नीट मांडावं.

आधी अब्बांची यादी.

अब्बा सांगलीला हळदीच्या एका आडतीवर दिवाणजी होते. दिवसभर खतावणी लिहायची आणि बुधवारी रात्री आठ ते नऊ रेडिओसमोर बसून दुसरी वही लिहायची. त्या तासाला घरात कुणी भांडं आपटायचं नाही. दादी कुरकुरायच्या, पण इशाची नमाज अब्बा नऊनंतर पढायचे आणि कधी चुकवायचे नाहीत, म्हणून त्या फार बोलत नसत. वहीत रकाने असायचे: पायदान, सिनेमा, गायक, मागच्या आठवड्याचं पायदान. स्टेशन रेडिओ सिलोन, शॉर्टवेव्ह. पावसाळ्यात आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. एखादं गाणं खरखरीत बुडालं तर त्या पायदानापुढं अब्बा 'हवा खराब' असं लिहून जागा मोकळी ठेवायचे. दुसऱ्या दिवशी आडतीवर कुणाला विचारून ती भरता आली असती, पण त्यांनी भरली नाही. आपण जे ऐकलं तेवढंच लिहायचं, हा आडतीचा नियम त्यांनी गाण्यांनाही लावला होता.

सिलोन का, आपली आकाशवाणी का नाही, हे नव्या वाचकांना सांगायला हवं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा कट्टर पुरस्कर्ता होता आणि सिनेसंगीत त्यांना हलकं वाटायचं. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोक गाणी ऐकायचं थांबले नाहीत, त्यांनी फक्त काटा फिरवला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला कोलंबोहून बिनाका गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीला १९५७ साली विविध भारती काढावी लागली ती याच पळालेल्या श्रोत्यांसाठी.

गीतमालेचे अमीन सयानी यांच्याबद्दल आपल्या वाचकांना एक गोष्ट आवडेल. त्यांच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचं नियतकालिक काढायच्या. नवसाक्षरांसाठी, साध्या हिंदुस्थानीत, आणि तेही देवनागरी, उर्दू, गुजराती अशा तीन लिप्यांत. गांधीजींचा त्याला पाठिंबा होता. लहानगे अमीन त्या कामात हात लावायचे. पुढं 'बहनों और भाइयों' म्हणणारी ती भाषा, जी कुणाला हिंदी वाटली, कुणाला उर्दू, ती याच घरातून आली. २० फेब्रुवारी २०२४ला ते गेले, तेव्हा सांगलीत अब्बांच्या वयाचे जे थोडे लोक उरलेत त्यांच्यात घरचं माणूस गेल्यासारखी चर्चा होती.

तर ही यादी व्हायची कशी? सुरुवातीला ती यादी नव्हतीच, स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी क्रम लावून पाठवायचा. सयानी सांगत, पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली आणि पुढं हा आकडा आठवड्याला ६५,०००वर गेला. एवढी पत्रं तपासायची कोण? मग १९५४पासून पायदानं आली. गाण्यांचा क्रम रेकॉर्डच्या विक्रीवरून लावायचा ठरला. मोठ्या दुकानांकडून आकडे मागवायचे. पण त्यातही गोची होती. गाणं इतकं चाललं की दुकानातला माल संपला, तर त्या आठवड्याची विक्री शून्य, म्हणजे गाणं खाली! शिवाय ज्याला आपलं गाणं वर न्यायचंय तो स्वतःच तबकड्या विकत घेऊ शकत होता. म्हणून गावोगावच्या श्रोतासंघांची मतं घेऊन विक्रीच्या आकड्याशी मेळ घातला जाऊ लागला. श्रोतासंघ म्हणजे पत्र लिहिणारी, टपालाला पैसे असणारी, एकत्र बसणारी माणसं. तेव्हाच्या बिहारमधलं अभ्रकाच्या व्यापाराचं गाव झुमरी तिलैया फर्माईशींच्या पत्रांमुळं देशभर ठाऊक झालं ते असंच. तिथल्या लोकांचे कान इतरांपेक्षा मोठे नव्हते, त्यांना पत्र लिहायची हौस होती.

आता फुफींची यादी.

फिल्मफेअर हे इंग्रजी नियतकालिकही १९५२चंच. पुरस्कार १९५४पासून, सुरुवातीला वाचकांच्या मतांवर. म्हणजे मत कुणाचं? इंग्रजी वाचणाऱ्याचं, कूपन भरून पाठवणाऱ्याचं. सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईवर काम करणाऱ्या माणसाकडं रेडिओ ऐकायला कान होते, पण ते कूपन त्याच्या हातात कधी पडलं नाही. १९५७ साल घ्या. फिल्मफेअरनं संगीताचा पुरस्कार ओ. पी. नय्यर यांना 'नया दौर'साठी दिला. बिनाकाच्या वार्षिक यादीत पहिलं आलं 'जनम जनम के फेरे' या भक्तिपटातलं रफी आणि लता यांचं गाणं, संगीत एस. एन. त्रिपाठींचं. त्रिपाठी पौराणिक चित्रपटांचे संगीतकार म्हणून ओळखले जायचे, बड्या बॅनरच्या झगमगाटात त्यांचं नाव फारसं घेतलं जात नसे. पण तालुक्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये बैलगाडीनं येऊन सिनेमा बघणाऱ्या बायामाणसांनी ते गाणं डोक्यावर घेतलं होतं. एका यादीला ती माणसं दिसली, दुसरीला दिसली नाहीत.

फिल्मफेअरच्या यादीत आणखी काही खाचा होत्या. गायनाचा पुरस्कार सुरू झाला तोच १९५९ साली. म्हणून त्याआधीच्या वर्षांत 'रफींना काहीच मिळालं नाही' असं म्हणण्यात अर्थ नाही, तेव्हा कुणालाच मिळत नव्हतं. पुढं काही वर्षं पुरुष आणि स्त्री मिळून एकच पुरस्कार होता. १९६७च्या सिनेमांपासून दोन झाले. मग १९७०च्या सुमाराला लताबाईंनी नव्यांना संधी मिळावी म्हणून पुरस्कार घेणं थांबवलं. त्यामुळं सत्तरच्या दशकाची फिल्मफेअरची यादी वाचणाऱ्याला वाटेल, लता मंगेशकर संपल्या. त्याच दशकात बिनाकाला १९७०चं पहिलं गाणं 'दो रास्ते'मधलं, लताबाईंचं. १९७७चं 'लैला मजनू'मधलं, तेही त्यांचंच. पुरस्काराच्या यादीत माणूस नसणं आणि लोकांच्या कानात नसणं यात केवढं अंतर आहे बघा.

वर्षांचाही घोळ असायचा. 'डॉन' आला १९७८च्या मे महिन्यात. त्यातल्या पानाच्या गाण्यासाठी किशोरकुमारना १९७८चा पुरस्कार मिळाला. बिनाकाच्या यादीत तेच गाणं पहिलं आलं, पण १९७९च्या. गीतमालेत गाणं आठवड्यामागून आठवडे वर चढायचं आणि वर्षाखेरीस त्याचे गुण मोजले जायचे, म्हणून उशिरा चढलेलं गाणं पुढच्या वर्षात जाऊन बसायचं. दोन्ही याद्या शेजारी ठेवून कुणी म्हणाला की ७८ साली या एकमेकींशी जुळत नाहीत, तर ते बरोबर आहे. पण दोघींनी गाणं तेच निवडलेलं होतं.

हे काही आपल्याकडचंच नव्हतं. इंग्लंडमध्ये न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकानं पहिली यादी छापली ती १४ नोव्हेंबर १९५२ला, म्हणजे आपल्या गीतमालेच्या जेमतेम तीन आठवडे आधी. ते दुकानांना फोन करून आकडे घ्यायचे. मग मेलडी मेकरची वेगळी यादी, रेकॉर्ड रिटेलरची आणखी वेगळी. १९६३ साली बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' पहिल्या दोघांकडं पहिलं होतं आणि रेकॉर्ड रिटेलरकडं दुसरं. पुढं इतिहास लिहिणाऱ्यांनी रेकॉर्ड रिटेलरची यादी प्रमाण मानली, म्हणून २००० साली बीटल्सच्या पहिल्या क्रमांकांच्या गाण्यांचा अल्बम निघाला त्यात हे गाणं नाही. बीबीसी निरनिराळ्या याद्यांची सरासरी काढायची, आणि १९६८मध्ये एकदा तीन गाणी एकाच वेळी पहिली आली! अमेरिकेत बिलबोर्ड आणि कॅशबॉक्स यांचं असंच चालायचं. तिथं १९९१ साली दुकानदारांच्या तोंडी अहवालाऐवजी गल्ल्यावरच्या बारकोडवरून विक्री मोजायला सुरुवात झाली आणि कंट्री आणि रॅप संगीताचे अल्बम एकदम वर आले. लोक ते आधीही विकत घेत होते. ज्याला विचारलं जायचं तो दुकानदार ते सांगत नव्हता, किंवा त्याला ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. खेड्यातले गोरे आणि शहरातले काळे यांचं संगीत मोजणीची पद्धत बदलेपर्यंत 'कमी लोकप्रिय' राहिलं. हे वाचलं तेव्हा मला अब्बांच्या त्या मोकळ्या ओळी आठवल्या. निदान अब्बांनी लिहून तरी ठेवलं होतं की इथं मला ऐकू आलं नाही.

आता व्हॉट्सअॅपच्या भांडणाकडं येते.

रफीसाहेबांना फिल्मफेअर सहा वेळा मिळालं. 'चौदहवीं का चाँद', 'ससुराल', 'दोस्ती', 'सूरज', 'ब्रह्मचारी', आणि मग १९७७च्या 'हम किसीसे कम नहीं'साठी. 'ब्रह्मचारी' १९६८चा. मध्ये आठ वर्षं कोरडी. हे खरं आहे. आता बिनाका बघा. १९६०ला पहिलं गाणं 'बरसात की रात'चं, ६१ला 'ससुराल'चं, ६२ला 'जंगली'चं, ६३ला 'ताजमहल'चं, ६६ला 'सूरज'चं. सगळीकडं रफी. यातली 'ससुराल' आणि 'सूरज' ही दोन गाणी दोन्ही याद्यांना मान्य झाली. सत्तरच्या दशकात पहिल्या जागी रफी दिसत नाहीत, पण तिथं सलग किशोरकुमारही दिसत नाहीत. ७१ आणि ७४ला किशोर, ७२ला आशाबाई, ७३ला मन्ना डे, ७६ला मुकेश, ७८ला हेमलता. ७५ साली पहिलं आलं 'रोटी कपडा और मकान'मधलं महागाईचं गाणं. त्यात लता, मुकेश, नरेंद्र चंचल आणि जानीबाबू कव्वाल असे चौघं होते. आडतीवरचे हमाल ते गाणं पोती उचलताना म्हणायचे, कारण तेलाचा भाव त्यांना यादीपेक्षा जास्त ठाऊक होता. 'लोकांना फक्त किशोर हवा होता' हे म्हणणं या यादीतून निघत नाही.

आणि पहिलं म्हणणं? रफींना धर्मामुळं बाजूला सारलं, हे? त्यासाठी लोक बोट दाखवतात ते आर. डी. बर्मन यांच्याकडं. पण १९७७ साली ज्या गाण्यानं रफींना फिल्मफेअर आणि राष्ट्रीय पुरस्कार दोन्ही मिळाले, त्याचे संगीतकार आर. डी. बर्मनच होते. शब्द मजरूह सुलतानपुरींचे. ३१ जुलै १९८०ला रफीसाहेब गेले आणि त्या वर्षाच्या बिनाकाच्या यादीत पहिलं आलेलं गाणं होतं 'सरगम'मधलं, लता आणि रफी यांचं, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. पडद्यावरचे नायक बदलले, तरुणांचा आवाज बदलला, चढउतार झाले. त्याला धर्माचं लेबल लावायला या दोन्ही याद्या पुरत नाहीत. हे मी ग्रुपवर लिहिलं. दोघांनी अंगठा दाखवला, एकजण ग्रुप सोडून गेला.

पण म्हणून अन्याय झालेच नाहीत असं मी म्हणत नाही. १९६० सालच्या संगीतासाठी फिल्मफेअर मिळालं शंकर-जयकिशन यांना, 'दिल अपना और प्रीत पराई'साठी. संगीत गोड आहे, वाद नाही. पण त्याच वर्षी नौशादसाहेबांचा 'मुघल-ए-आझम' होता! १९७२ साली तर कहर झाला. 'पाकीजा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद सिनेमा पूर्ण व्हायच्या आधी, १९६८ सालीच वारले होते. पुरस्कार गेला 'बेईमान'च्या संगीताला. 'बेईमान'मधल्याच भूमिकेसाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. त्यांनी तो नाकारला. गुलाम मोहम्मद यांना डावललं, म्हणून मी हा घेत नाही, असं सांगून. स्वतःच्याच सिनेमाच्या संगीताविरुद्ध, एका मेलेल्या मुसलमान संगीतकारासाठी, दिल्लीच्या पंजाबी हिंदू घरातला प्राण उभा राहिला. त्या वर्षी बिनाकाला पहिलं होतं 'हरे रामा हरे कृष्णा'तलं आशाबाईंचं गाणं. म्हणजे 'पाकीजा' तिथंही पहिला नाही. आज कोठ्यावरच्या त्या गाण्यांचा पहिला सूर वाजला की चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा थांबतो. याद्यांनी पन्नास वर्षं थांबायची तयारी ठेवलेली नसते.

फुफींना प्राणची ही गोष्ट फार प्रिय होती. पुढच्याच वर्षी 'जंजीर'चं गाणं आलं, तोच प्राण शेरखान बनून पडद्यावर आला, आणि बिनाकाच्या यादीत ते सगळ्यात वर गेलं. फुफी म्हणायच्या, लोकांनी त्याचा पुरस्कार त्याला दिला. हे काही मोजणीचं उत्तर नाही, पण तेव्हा मला ते पटलं होतं आणि अजून पटतं.

मिरज आमच्यापासून दोन पावलांवर. तिथं मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची मजार आहे. ते १९३७ साली गेले, आणि त्यांच्या आठवणीत देशभरचे गवई तिथं येऊन हजेरी लावतात. बाजूच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनवणारी मुसलमान घरं आहेत. उरुसाला कव्वाली पहाटेपर्यंत चालायची. इस्माईल आझाद, युसूफ आझाद यांच्या तबकड्या आमच्या मोहल्ल्यात झिजेपर्यंत वाजल्या. पण यातलं फार थोडं यादीत यायचं. यायचं ते सिनेमात गेल्यावर, जशी 'अल-हिलाल'मधली १९५८ची ती कव्वाली. सिनेमाचा शिक्का नसेल तर गाणं मोजायचंच नाही, हा दोन्ही याद्यांचा न बोललेला नियम होता. आणि दुसरा नियम, गाणं हिंदीच हवं.

इथं मामूंची यादी येते.

मामू साताऱ्यात सदर बाजारजवळ राहायचे. धंदा लाउडस्पीकरचा. दोन भोंगे, एक आहुजाचं मशीन, रेकॉर्ड प्लेअर आणि लोखंडी पेटीत तबकड्या. लग्न, बारसं, गणपती, उरूस, यात्रा, निवडणूक, सगळीकडं मामूंची सायकल आणि मागं बांधलेला भोंगा. हिंदूंच्या वराती आणि मुसलमानांचे निकाह यात त्यांना फरक एवढाच होता की एका ठिकाणी जेवण दुपारी मिळायचं आणि दुसऱ्या ठिकाणी रात्री.

मे महिन्यात आम्ही साताऱ्याला जायचो आणि अब्बा-मामूंची जुंपायची. अब्बा बिनाकाची वही उघडायचे. मामू आपली चोपडी आणायचे. त्या चोपडीत पायदानं नव्हती, खर्च होता. कोणती तबकडी कधी घेतली, कधी घासली, कधी नवी आणली. सुई तबकडीला झिजवते. जे गाणं लोक पुन्हा पुन्हा लावायला सांगतात त्याची तबकडी आधी खरखरायला लागते, मग एका जागी अडकते, मग फेकायची. मामूंचा हिशोब साधा होता. जी तबकडी जास्त वेळा बदलावी लागली ती पहिली.

मामू म्हणायचे, "दुलाभाई, तुमची वही रेडिओवाल्यांनी सांगितलेली. माझी माझ्या खिशातनं गेलेली."

अब्बा हसून म्हणायचे, "मियाँ, तुमची वही साताऱ्याच्या वेशीबाहेर चालत नाही."

दोघांचंही खरं होतं. मामूंच्या चोपडीत मोठा दोष होता. ती लग्नाची यादी होती. रात्री एकटं पडून ऐकायची गाणी तिथं कधी पोचणार नव्हती. 'पाकीजा' तिथंही वर नव्हता, वरातीत कोण लावणार? १९७३चं मामूंचं हिंदी उत्तर होतं 'बॉबी', दोन तबकड्या संपल्या म्हणून.

पण सगळ्या वर्षांची बेरीज केली तर चोपडीत सगळ्यात वर जे गाणं होतं, ते हिंदी नव्हतंच. लेक सासरी निघते तेव्हाचं लताबाईंनी गायलेलं मराठी गाणं. शब्द पी. सावळारामांचे, म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीच्या माणसाचे, आणि चाल वसंत प्रभूंची. मामू सांगायचे, मराठ्याचं लग्न असो, माळ्याचं असो की आमचं, नवरी गाडीत बसायला निघाली की कुणीतरी बाई येऊन म्हणायची, भाऊ, ते लावा. आमच्या घरात तर नानी लावायला सांगायच्या. नानींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी कोलंबोला कधी पत्र पाठवलं नाही, कूपन भरलं नाही, तबकडी स्वतः विकत घेतली नाही. तीन लेकींना सासरी पाठवलं आणि तिन्ही वेळा ते गाणं वाजलं. घरात दखनी बोलणाऱ्या त्या बाईला ते मराठी गाणं अक्षर न अक्षर पाठ होतं. रफीसाहेबांनी श्रीकांत ठाकरे यांच्याकडं गायलेली मराठी गाणीही मामूंच्या पेटीत होती. तीही कुठल्या देशभरच्या यादीत कधी चढली नाहीत.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या. मामूंनी भोंगे ठेवले आणि फावल्या वेळात कॅसेट भरून द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक गाणी लिहून आणायचं, मामू रिकाम्या कॅसेटवर भरायचे. तशा कॅसेट देशभर गल्लोगल्ली भरल्या जात होत्या आणि त्यांची नोंद कुठंही होत नव्हती. रेकॉर्ड विक्रीवर उभी असलेली यादी तिथंच लंगडी झाली. बिनाकाचं सिबाका झालं, १९८९ला कार्यक्रम विविध भारतीवर आला आणि काही वर्षांनी बंद पडला. नव्वदच्या दशकात आमची मुलं दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर सुपरहिट मुकाबला बघायची आणि झी टीव्हीवर फिलिप्स टॉप टेन. एकाच आठवड्यात दोन वेगळे पहिले नंबर, आणि पुन्हा तेच भांडण. आता यूट्यूबचे आकडे कोटींत असतात. रस्त्यावरच्या रिक्षात दिवसभर वाजणारं गाणं त्यात एकदाच मोजलं जातं की शंभरदा, हे रिक्षावाल्याला कुणी विचारलेलं नाही.

मामू जाऊन बरीच वर्षं झाली. पेटी त्यांच्या मुलानं भंगारात घातली, त्यातल्या काही तबकड्या मी मागून घेतल्या. सावळारामांच्या त्या गाण्याची शेवटची तबकडी माझ्याकडं आहे. ती मामूंनी घेतलेली पाचवी, असं चोपडीत लिहिलंय. पुढच्या ओळीत तारीख आहे आणि एक शब्द, 'घासली'. सहावी त्यांनी घेतली नाही, तोवर कॅसेट आली होती.